कोल्हापुरात खायला येताय? आधी वेळा लिहा, मग नावं

मागच्या दिवाळीत ठाण्याहून मावसभाऊ बायकामुलांसह आला. मोबाइलमध्ये रील्स बघून केलेली अकरा ठिकाणांची यादी आणि हाताशी एकच दिवस. पहिल्या ठिकाणी साडेबाराला पोचले तर मिसळ संपलेली. दुसरीकडे भूक भागवायला म्हणून वडे खाल्ले, दोन-दोन. मटणाच्या ताटासाठी चार वाजता गेले तर शटर अर्धं ओढलेलं. रात्री घरी आले तेव्हा मुलं दमली होती आणि यादीतली नऊ नावं तशीच उरली होती.

दर सुट्टीत असे पाहुणे मला दिसतात. त्यांच्या यादीत नावं असतात, वेळा नसतात. इथली खरी चालणारी ठिकाणं दिवसभर सगळं देत नाहीत. सकाळी मिसळ, दुपारी आणि रात्री ताट, संध्याकाळी भेळ अशी शहराची वाटणी आहे, आणि एकाचा पदार्थ दुसऱ्याच्या वेळेला मागितला की गाडी घसरते. म्हणून खाली सांगतोय ते क्रमाने करा. क्रम बदलू नका.

टप्पा १ : आधी वार आणि तिथी बघा

खायला येताय आणि मटण खाणार असाल, तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवार धरा. हे इथले मटणाचे वार. खप जास्त, त्यामुळे माल ताजा आणि रस्सा दिवसभर उकळत पडलेला नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. त्या दिवशी मटण मिळत नाही असं नाही, पण काही ठिकाणं नेमकी त्याच वारी साप्ताहिक सुट्टी घेतात.

तीन वारांतला कुठला, असं विचाराल तर माझं मत बुधवार. रविवारी अख्खं शहर आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या एकाच वेळी जेवायला बाहेर पडतात. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, मंगळवारीही असते.

तिथीचं गणित असं :

श्रावणात मांसाहारी ठिकाणं निवांत असतात, काही बंदही असतात. त्याच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे गटारीच्या आसपास, टेबल मिळणं अवघड. शारदीय नवरात्रात देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि मुक्कामाचे दर चढतात. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी किरणोत्सव असतो (मावळतीची किरणं देवळात थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा), तेव्हाही देवळाच्या परिसरात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

> इशारा : जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगा नदीची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, बातम्यांत रोज आकडा येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. आकडा ३९ च्या वर चढत असेल तर बेत पुढे ढकला.

टप्पा २ : यादी तीन रकान्यांत मांडा

कागद घ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने करा. जमवलेली सगळी नावं त्यात घाला. एका दिवसाला एका रकान्यातून एकच नाव निवडा. दोन दिवस असतील तर दोन. बाकीची खोडा. ही पायरी लोकांना जड जाते हे मला माहीत आहे, पण फडतरे आणि बावडा या दोन्ही मिसळी एकाच सकाळी खाल्ल्या तर दुसरीची चव कळत नाही. आणि त्या दोन टोकांना आहेत, फडतरे शिवाजी उद्यमनगरात, बावडा मिसळ शहराच्या उत्तरेला कसबा बावड्यात. एक सकाळ, एक मिसळ.

मग प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा : सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, सुट्टीचा वार, आणि पेठ किंवा चौक. हे रीलमध्ये मिळणार नाही. आदल्या दिवशी फोन लावा आणि सरळ विचारा, "उद्या चालू आहे का, आणि किती वाजेपर्यंत मिळेल?" फलकावरची वेळ आणि भांडं रिकामं होण्याची वेळ वेगळी असते. तुम्हाला दुसरी हवी आहे.

नकाशावर शोधताना एक अडचण येते. चाललेल्या नावाचीच, किंवा एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली, तीन-चार दुकानं दिसतात. काही खरोखर त्याच घराण्याच्या शाखा असतात, काही नसतात. सगळ्यात वरचं दिसलं म्हणून गाडी वळवू नका. पेठेचं नाव जुळतंय का बघा आणि मागच्या महिन्याभरात लोकांनी टाकलेले फोटो उघडा. त्यात दरफलक दिसला तर उत्तम, म्हणजे पैशाचा अंदाजही येतो. दोन वर्षांपूर्वीच्या रीलमधला दर धरून बसू नका.

> तपासा : तुमच्या यादीत दिवसाला तीनपेक्षा जास्त नावं आहेत का? असतील तर अजून खोडायचं राहिलंय.

टप्पा ३ : गाडी कुठे लावायची ते ठरवूनच आत या

महाद्वार रोड, पापाची तिकटी, गुजरी हा भाग चारचाकीचा नाही. गाडी बिंदू चौकाच्या वाहनतळावर किंवा मुक्कामाच्या जागी ठेवा आणि पुढे चालत किंवा रिक्षाने जा. देऊळ, भवानी मंडप, खासबाग हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. रंकाळाही देवळापासून फार लांब नाही.

रिक्षावाल्याला "चांगली मिसळ कुठे मिळते तिथे न्या" असं म्हणू नका. नाव आणि चौक दोन्ही सांगा. तो आपुलकीनेच त्याच्या आवडीच्या ठिकाणी नेईल, ते चांगलंही असेल, पण तुमच्या कागदावरचं नसेल.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणाऱ्यांची सोय चांगली आहे. गाडी सकाळी लागते, आंघोळ आटोपली की मिसळीची वेळ झालेली असते, आणि परतीची गाडी रात्री निघते. एक पूर्ण दिवस हातात मिळतो.

टप्पा ४ : सकाळी मिसळ, आणि नऊच्या आत

उपाशी या. खोलीवर चहा-बिस्किटं ठीक, पण हॉटेलच्या भाड्यात धरलेला नाश्ता सोडा. साधारण आठ ते नऊ ही सगळ्यात चांगली वेळ. दहानंतर रांग, आणि सुट्टीच्या दिवशी बारानंतर भरवसा नाही.

ऑर्डर देण्याआधी इथली मिसळ कशी येते ते समजून घ्या. ताटलीत खाली मोड आलेल्या कडधान्याची उसळ, कुठे बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर. त्यावर ओतलेला लाल रस्सा म्हणजे कट. नागपूरकडचे पाहुणे तर्री मागतात, पुण्याचे सँपल मागतात. इथे "कट" म्हणा. आणि सोबत लादीपाव नाही, स्लाइसचा ब्रेड येतो. पाव मागून वाद घालणारे मी पाहिलेत. या पातळ कटाला ब्रेडच बरोबर आहे : कापाचं एक टोक कटात टेकवलं की रस्सा आपोआप वर चढतो, दोन सेकंदांत अर्धा काप लाल होतो आणि तेव्हाच तोंडात घालायचा. पाचव्या सेकंदाला तो ताटलीत तुटून पडतो.

खाण्याचा क्रम :

१. मिसळ समोर आली की लगेच कालवू नका. आधी चमचाभर नुसता कट चाखा. तिखटाचा अंदाज इथेच घ्यायचा.

२. झेपेल असं वाटलं तर एका बाजूने कालवत खा. सगळी ताटली एकदम कालवली की शेव मऊ पडते आणि शेवटचे घास लगद्यासारखे लागतात.

३. ताटली कोरडी पडली की "दादा, कट वाढा" म्हणा. बऱ्याच ठिकाणी वरचा कट पुन्हा वाढतात. त्याचे पैसे पडतात का हे आधी विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

४. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो तेला-तुपात आणि दुधा-दह्यात सुटतो. पाण्याने तो तोंडभर पसरतो, एवढंच. दही मागवा, ताक मागवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लाल रंग बघून घाबरणं, किंवा उलट, रंग बघून फुशारकीने "जास्त तिखट द्या" म्हणणं. रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ब्याडगी रंगाला गडद, चवीला सौम्य. तिखटाचं काम संकेश्वरीसारख्या मिरच्या करतात आणि त्या रंगावरून ओळखता येत नाहीत. म्हणून तो पहिला चमचा महत्त्वाचा. लहान मुलं असतील तर कट वेगळ्या वाटीत मागा, उसळ-शेव त्यांना तशीच द्या.

> इशारा : मिसळीवर वडे, भजी, पुन्हा मिसळ असं करू नका. दुपारचं ताट तुम्ही इथेच गमावता.

टप्पा ५ : मधले चार तास रिकामे ठेवा

नऊ ते एक या वेळात काही खाऊ नका. देवदर्शन, चप्पल लाइन, न्यू पॅलेस, जे बघायचं ते आत्ता बघा. भरपूर चाला. ताक किंवा लिंबूपाणी चालेल.

टप्पा ६ : तांबडा-पांढरा

दुपारी एक ते दीड या वेळात आत बसलेलं बरं. साधारण साडेतीननंतर बऱ्याच खानावळींची चूल बंद होते ती थेट संध्याकाळी सात-साडेसातला पेटते. मधल्या वेळेत "काहीतरी मिळेल हो" या आशेवर फिरणारी कुटुंबं दर रविवारी दिसतात. मिळतं ते उरलेलं. मीही एकदा नाशिकच्या आत्याला घेऊन पावणेचारला एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. त्यांनी बसवलं, पण आलेला पांढरा रस्सा फाटलेला होता. पाणी वेगळं, वर नारळाचे कण. आत्या काही बोलली नाही, वाटी बाजूला सरकवली. तिला पांढरा रस्सा म्हणजे तेवढाच ठाऊक आहे, याचं मला आजही वाईट वाटतं.

पोचल्याबरोबर गल्ल्यावर नाव आणि माणसं सांगून नंबर लावा. पाटी बघत उभे राहू नका, नंबर लावून मग बघा.

बसण्याआधी विचारायच्या गोष्टी : ताटात काय काय येतं? रस्सा हवा तेवढा आहे की मोजून? भाकरी किती, आणि ज्वारीचीच ना? एक ताट दोघांत चालेल का? बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण रस्सा पुन्हा पुन्हा वाढायचा असतो. तसं असेल तर एक ताट आणि सोबत वेगळं सुकं मटण, असा मधला मार्ग विचारा.

शाकाहारी माणूस सोबत असेल तर इथे नीट लक्ष द्या. पांढरा रस्सा दिसायला दुधासारखा सोज्ज्वळ असला तरी तो मटणाच्या पाण्यात केलेला असतो. तांबडाही तसाच. मटण मीठ-हळद-आलं-लसणात शिजवलं की जे पाणी निघतं त्याला अळणी म्हणतात. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण गेलं की पांढरा, आणि भाजलेलं वाटण नि चटणी गेली की तांबडा. "फक्त रस्सा द्या, पीस नको" म्हणून तो शाकाहारी होत नाही. काही ठिकाणी भाज्यांच्या पाण्यातला शाकाहारी तांबडा-पांढराही करतात, पण तो स्पष्ट विचारून घ्या. आणि इथे येऊन "व्हेज कोल्हापुरी" मागवू नका. ती बाहेरच्या हॉटेलांची भाजी. त्यापेक्षा अख्खा मसूर, पिठलं, भरलं वांगं मागा.

> तपासा : नारळ, काजू, तीळ किंवा खसखस यांपैकी कशाची अॅलर्जी असेल तर पांढरा रस्सा टाळा. वाढणाऱ्याला विचारून भागणार नाही, आचाऱ्याला विचारायला सांगा.

आता ताट समोर आलं. क्रम माझा असा, आणि आमच्या घरी सगळ्यांचा असाच :

पहिल्यांदा पांढरा, नुसता. वाटी तोंडाला लावून प्या. वाफ निघत असतानाच. खसखस-नारळाची चव नाजूक असते. एकदा तांबड्याचे दोन घोट घेतले की जीभ तिखटाला लागते आणि मग पांढरा नुसता गोडसर पाण्यासारखा लागतो. "पांढऱ्यात काय विशेष नाही" म्हणणारे नव्वद टक्के लोक तो शेवटी प्यालेले असतात, असं माझं निरीक्षण आहे. गार होऊ देऊ नका. गार पांढऱ्यावर चरबीची साय धरते, आणि परत उकळायला पाठवला तर नारळाचं दूध फुटतं.

मग भाकरी आणि सुकं. भाकरी एका वेळी एकच घ्या, गरम येईल तशी. चार भाकऱ्या एकदम घेऊन ठेवल्या की तिसरी वातड होते. सुक्या मटणाचा मसाला भाकरीच्या पापुद्र्याने पुसून घ्यायचा.

मग तांबडा. भाकरी वाटीत चुरा, वर तांबडा ओता, अर्धा मिनिट थांबा. ज्वारीची भाकरी रस्सा पिऊन फुगते, तेव्हा खा. चपाती घेतलीत तर हे जमत नाही, तिचा चिखल होतो. लिंबू इथे पिळा, पांढऱ्यात पिळू नका.

शेवटी भात. अर्धा पांढऱ्यासोबत, अर्धा तांबड्यासोबत.

वाढणारा सतत फिरत असतो आणि तुम्ही "बास" म्हणेपर्यंत ओतत राहतो. "घ्या की पाव्हणं, एवढ्यात काय हुतंय?" हे तो शंभर जणांना म्हणतो, तुमच्यावर जुलूम म्हणून नाही, तशीच इथली रीत आहे. नको असेल तर वाटीवर हात आडवा धरा. नुसती मान हलवली तर तो ओततोच. आणि वाढून घेतलेलं टाकू नका. फुकट मिळतंय म्हणून चार वाट्या भरून दोन तशाच ठेवणारे पाहुणे बघितले की वाईट वाटतं. त्या रस्स्यासाठी कुणीतरी पहाटेपासून पाट्यावर किंवा मशीनवर वाटण काढलेलं असतं.

मुलांसाठी अळणी मागा. यादीत लिहिलेली नसली तरी बहुतेक ठिकाणी वाटीभर देतात. आमची सगळी पोरं आधी अळणी भातावरच वाढली.

वजडी (आतडी-पोट), रक्ती-मुंडी (रक्त आणि डोकं), खिमा हे ताटात सहसा नसतं, वेगळं मागवावं लागतं. पहिल्याच वेळी सगळं मागवू नका. एखादी अर्धी प्लेट चौघांत घेऊन बघा.

टप्पा ७ : संध्याकाळ

सहाच्या आत भूक लागणार नाही, आणि लागली नाही तर काही बिघडत नाही. खासबागेत राजाभाऊंची भेळ किंवा रंकाळ्यावरची कुठलीही गर्दी असलेली गाडी, दोन्हीपैकी एक. भेळ हातात पडल्यावर दोन मिनिटांत खा, फोटो आधी काढून ठेवा. ओली भेळ थांबत नाही.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. रीलमध्ये हे फार चालतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. ते न तापवलेलं दूध आहे. इथल्या तालमीतल्या पोरांना रोजची सवय असते, तुम्हाला नसेल. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर बघा, फोटो काढा, पिऊ नका. आणि दुपारी मटण, वर रात्रीचा प्रवास असेल तर धडधाकट माणसानेही मोह आवरावा.

राजारामपुरी, ताराबाई पार्क या भागांत नवीन कॅफे बरेच निघालेत. बसायला जागा छान, कॉफी ठीक. रात्री पुन्हा ताट नको असेल तर तिथे जा. पण शनिवार-रविवारी आठनंतर टेबलासाठी थांबावं लागतं, सातला गेलात तर लगेच मिळतं.

टप्पा ८ : बांधून काय न्यायचं

रस्सा नेऊ नका. तांबडा कसाबसा टिकेल, पांढरा टिकणार नाही. सहा-सात तासांच्या प्रवासात, त्यातही उन्हाळ्यात, तो आंबतो. एवढं करून घरी पोचलाच तरी तापवताना फाटतो.

न्यायचं असेल तर कांदा-लसूण मसाला न्या. दुकानात मागताना एक लक्षात ठेवा : इथे याला "चटणी" म्हणतात. "घरगुती चटणी आहे का?" म्हटलं की तो हाच मसाला काढतो. आधी वास घ्या. सुक्या खोबऱ्याचा खवट वास आला तर नको. मुठीत धरून बघा, ताजी चटणी किंचित ओलसर असते, दाबली की गोळा होऊन लगेच सुटते. पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका, घरी नेऊन बरणीत घट्ट दाबून भरा.

गूळ घ्यायचा तर हंगामात, साधारण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत. फार पिवळाधमक दिसला तर सोडून द्या, थोडा काळपट तांबूस घ्या. भडंग, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, शेवटच्या दिवशी घ्या, पुडा फुटला की मऊ पडतं.

> इशारा : पांढऱ्या रस्स्याच्या तयार मसाल्याच्या पाकिटात खसखस असू शकते. ते पाकीट घेऊन दुबईला किंवा इतर आखाती देशांत जाऊ नका. तिथे अनेक ठिकाणी खसखशीवर बंदी आहे आणि विमानतळावर अडवतात. नातेवाइकांसाठी पाठवायचं असेल तर नुसती चटणी द्या, आणि पाकिटामागची घटकांची यादी दुकानातच वाचून घ्या.